विश्लेषण : कोडखालची लाल रेघ आणि बर्ट्रांड रसेल यांचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा पेच

पायथनमध्ये कोड लिहिताना एखाद्या नावापुढे टिंब दिले, की एडिटर पुढे काय लिहिता येईल याची यादी समोर ठेवतो. चुकीची गोष्ट चुकीच्या जागी गेली, की तिच्याखाली लाल रेघ ओढतो. या दोन्ही सोयींच्या मुळाशी 'टाइप' म्हणजे 'प्रकार' ही कल्पना आहे. ही कल्पना संगणकासाठी जन्मलेली नाही. जगात एकही इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता, तेव्हा बर्ट्रांड रसेल या गणितज्ञाने ती मांडली, तीही स्वतःच्याच कामाला पडलेले भगदाड बुजवण्यासाठी. रसेल कोण होते, त्यांचा पेच काय होता आणि आजच्या टाइप हिंटशी त्याचे नाते काय, हे समजून घेऊ.

आधी प्रश्न समजून घेऊ : उसाच्या बिलात गफलत कशी होते?

समजा, कोल्हापुरातील एका विद्यार्थ्याने उसाचे बिल काढणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. वजन १२ टन, दर टनाला ३,००० रुपये. उत्तर ३६,००० यायला हवे. पण पडद्यावर १२१२१२१२ असे अंक येतच राहतात, एकूण सहा हजार. प्रोग्रॅम बंद पडत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

कारण साधे आहे. कीबोर्डवरून आलेली कोणतीही गोष्ट पायथन मजकूर म्हणून स्वीकारते. त्यामुळे इथे १२ ही संख्या राहिली नाही, '१' आणि '२' ही दोन अक्षरे झाली. मजकुराला संख्येने गुणले, तर तो मजकूर तितक्या वेळा लिहायचा, असा पायथनचा नियम आहे. यंत्राने नियम पाळला. वजनाच्या जागी मजकूर आला आहे, हे मात्र कोणी हटकले नाही.

पायथन ही 'डायनॅमिक टाइपिंग'ची भाषा आहे. तिच्यात प्रकार नावाला नसतो, त्या नावात त्या क्षणी असलेल्या मूल्याला असतो. आज 'वजन' या नावात संख्या असेल, पुढच्या ओळीत मजकूर असेल, तरी भाषा अडवत नाही. यामुळे लिहिणे झटपट होते, पण गफलत प्रोग्रॅम चालल्यावरच कळते, आणि कधी कधी तेव्हाही कळत नाही.

एखादी गोष्ट कोणत्या जागी शोभते आणि कोणत्या जागी निरर्थक ठरते, हे आधीच कसे ठरवायचे? रसेल यांच्यापुढे हाच प्रश्न १९०१ मध्ये उभा राहिला.

रसेल कोण होते?

बर्ट्रांड रसेल यांचा जन्म १८ मे १८७२ रोजी वेल्समधील ट्रेलेक गावाजवळ झाला. घराणे मोठे. आजोबा लॉर्ड जॉन रसेल दोनदा ब्रिटनचे पंतप्रधान झाले होते. पण बालपण पोरके गेले. १८७४ मध्ये आई आणि बहीण घटसर्पाने गेल्या, १८७६ मध्ये वडील गेले. दोन वर्षांनी आजोबाही वारले. लंडनजवळच्या रिचमंड पार्कमधील पेम्ब्रोक लॉज या घरात कडक शिस्तीच्या आजीने त्यांना वाढवले. शाळेऐवजी घरीच शिक्षक येत.

अकराव्या वर्षी थोरला भाऊ फ्रँक याने त्यांना युक्लिडची भूमिती शिकवायला घेतली. या विषयाने रसेल भारावून गेले. एका गोष्टीने मात्र त्यांची निराशा झाली. सगळी सिद्धता ज्या मूळ गृहीतकांवर उभी आहे, ती गृहीतके सिद्ध न करताच मान्य करायची होती. गणिताचा पाया पक्का आहे हे दाखवायचे, ही ओढ तिथूनच लागली.

१८९० मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. १८९३ च्या 'ट्रायपॉस' या गणिताच्या कठीण परीक्षेत ते सातवे रँग्लर ठरले. रँग्लर हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ परांजपे यांनी १८९९ मध्ये याच परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला आणि महाराष्ट्रासाठी ते कायमचे 'रँग्लर परांजपे' झाले. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हेही पुढे केंब्रिजचे रँग्लर झाले.

१९०१ मध्ये नेमके काय घडले?

ऑगस्ट १९०० मध्ये पॅरिसच्या तत्त्वज्ञान परिषदेत रसेल यांची इटालियन गणितज्ञ ज्युझेप्पे पेआनो यांच्याशी भेट झाली. पेआनो गणित शब्दांऐवजी काटेकोर चिन्हांत मांडत. या पद्धतीने सगळे गणित तर्कशास्त्राच्या मोजक्या नियमांतून उभे करता येईल, असे रसेल यांना वाटले. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा कच्चा खर्डा तयारही झाला.

या कामाची मुख्य वीट होती 'संच', म्हणजे एखाद्या गुणधर्माने एकत्र आलेल्या गोष्टींचा गट. कोणताही गुणधर्म सांगा, त्याचा संच तयार होतो, असे सगळेच धरून चालले होते. १९०१ मध्ये रसेल यांच्या लक्षात आले की, हीच वीट पोकळ आहे.

त्यांचा पेच समजण्यासाठी कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारखे जुने ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. तिथे पुस्तकांच्या अनेक सूची आहेत असे समजू. काही सूचींत इतर नोंदींबरोबर त्या सूचीचे स्वतःचेही नाव आहे, काहींत नाही. आता ग्रंथपालाने एक नवी सूची करायला घेतली. ज्या सूचींत स्वतःचे नाव नाही, अशा सगळ्या सूचींची नावे तिच्यात लिहायची, बाकी कोणाची नाही. मग या नव्या सूचीचे नाव तिच्यातच लिहायचे का? लिहिले, तर तिच्यात स्वतःचे नाव आले, म्हणजे ती इथे बसत नाही. नाही लिहिले, तर तिच्यात स्वतःचे नाव नाही, म्हणजे ते लिहायलाच हवे. कोणतेही उत्तर दिले तरी ते उलटते.

ग्रंथपाल हात झटकून म्हणू शकेल की, अशी सूची करताच येत नाही. गणिताला ती सोय नव्हती. त्याच्याच नियमांनी अशा संचाला परवानगी दिली होती. आणि ज्या शास्त्रात एक विसंगती सिद्ध होते, तिथे काहीही सिद्ध करता येते.

या पेचाची किंमत कोणी मोजली?

पहिली किंमत मोजली जर्मनीतील येना येथील गॉटलोब फ्रेगे यांनी. अंकगणित तर्कशास्त्रातून उभे करण्याच्या कामात त्यांची अनेक वर्षे गेली होती. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८९३ मध्ये आला होता, दुसरा छापखान्यात होता. १६ जून १९०२ रोजी रसेल यांनी त्यांना पत्र लिहिले. कामाचे मनापासून कौतुक केले आणि मग आपल्याला सापडलेली अडचण मोजक्या ओळींत मांडली.

फ्रेगे यांनी सहाच दिवसांत उत्तर दिले. आपला पाया हादरल्याचे त्यांनी लपवले नाही. १९०३ मध्ये दुसरा खंड बाहेर पडला, तेव्हा त्यात ही अडचण सांगणारे परिशिष्ट त्यांनी स्वतः जोडले होते. या प्रामाणिकपणाचा रसेल यांच्यावर आयुष्यभर ठसा राहिला.

दुसरी किंमत मोजली खुद्द रसेल यांनी. १९०३ आणि १९०४ चे उन्हाळे कोऱ्या कागदाकडे बघत बसण्यात गेले. सकाळी कागद समोर घ्यायचा आणि संध्याकाळी तो तसाच कोरा उचलायचा. उरलेले आयुष्य असेच जाईल, अशी भीती त्यांना वाटू लागली होती.

टाइपची कल्पना नेमकी काय?

१९०३ च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या ग्रंथाच्या परिशिष्टात रसेल यांनी उपायाचा पहिला आराखडा दिला. १९०८ च्या लेखात तो पूर्ण रूपात आला. त्यालाच 'थिअरी ऑफ टाइप्स' म्हणतात.

तो कोल्हापूरच्या भाषेत सांगता येईल. पैलवान ही पहिली पायरी. पैलवानांची तालीम ही दुसरी पायरी. तालमींचा संघ ही तिसरी. तालमीच्या पटावर पैलवानांची नावे येतात, संघाच्या यादीत तालमींची. गंगावेश तालमीचा एखादा पैलवान ७४ किलो गटात लढतो का, हा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असू शकते. पण गंगावेश तालीमच ७४ किलो गटात लढते का, या प्रश्नाला 'नाही' हेही उत्तर शोभत नाही. तो प्रश्नच गैरलागू आहे.

रसेल यांनी गणितातील प्रत्येक गोष्टीला अशी पायरी नेमून दिली. संचात फक्त त्याच्या खालच्या पायरीच्या गोष्टी येतील, असा नियम केला. त्यामुळे संच स्वतःचा सदस्य आहे का, हा प्रश्नच लिहिता येईना. पेच सुटला नाही, तो उभा राहण्याची वाट बंद झाली.

खरे आणि खोटे यांच्याशिवाय 'निरर्थक' असा तिसरा कप्पा असतो आणि तो उत्तर शोधण्याआधीच तपासता येतो, हे रसेल यांचे मोठे देणे. उसाच्या बिलातील चूक याच कप्प्यातली आहे. तिथे गुणाकार चुकला नव्हता. मजकूर आणि दर यांचा गुणाकार हा हिशोबच नव्हता.

पुढे त्यांचे काय झाले?

या नियमावर रसेल आणि त्यांचे गुरू आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांनी 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' हा तीन खंडांचा ग्रंथ रचला. १९१०, १९१२ आणि १९१३ मध्ये ते खंड प्रसिद्ध झाले. एक अधिक एक बरोबर दोन, याची तयारी पहिल्या खंडाच्या ३७९ व्या पानावर होते आणि सिद्धता दुसऱ्या खंडात पुरी होते. या ग्रंथात तोटा होणार, हे केंब्रिजच्या छापखान्याला ठाऊक होते. अंदाजे ६०० पौंडांच्या तोट्यापैकी ३०० छापखान्याने आणि २०० रॉयल सोसायटीने सोसले. उरलेले १०० पौंड दोघा लेखकांनी निम्मे निम्मे भरले. इतक्या वर्षांच्या कामातून पदरी पडले ते हे.

या श्रमांनंतर रसेल यांचे आयुष्य वेगळ्या वाटेने गेले. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून १९१६ मध्ये ट्रिनिटी कॉलेजने त्यांना काढले. १९१८ मध्ये एका लेखाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. ब्रिक्स्टन तुरुंगात त्यांनी गणिताच्या तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले. भारताच्या स्वातंत्र्यासाठी लंडनमध्ये काम करणाऱ्या इंडिया लीगचे ते १९३० च्या दशकात अध्यक्ष होते. विवाह आणि नीतीविषयीच्या त्यांच्या मतांवरून १९४० मध्ये न्यू यॉर्कमधील त्यांची नेमणूक न्यायालयाने रद्द केली. दहा वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. अण्वस्त्रांविरोधातील आंदोलनासाठी १९६१ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते पुन्हा तुरुंगात गेले. महाराष्ट्रात त्यांचे नाव पोहोचले ते मुख्यतः या विवेकवादी विचारांमुळे.

संगणकाशी त्यांची गाठ मात्र हयातीतच पडली. १९५६ मध्ये अमेरिकेत ॲलन न्यूएल, हर्बर्ट सायमन आणि क्लिफ शॉ यांच्या 'लॉजिक थिअरिस्ट' या प्रोग्रॅमने 'प्रिन्सिपिया'च्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ पैकी ३८ प्रमेये सिद्ध केली. एक सिद्धता तर ग्रंथातील सिद्धतेपेक्षा सुटसुटीत होती. सायमन यांनी हे पत्राने कळवले, तेव्हा ८४ वर्षांचे रसेल खूश झाले. २ फेब्रुवारी १९७० रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, वेल्समध्ये त्यांचे निधन झाले.

मग टाइप कोडमध्ये कसे आले?

ते दोन वाटांनी आले. पहिली वाट यंत्राच्या गरजेची. १९५७ च्या फोरट्रान भाषेत पूर्णांक आणि दशांश संख्या यंत्रात वेगवेगळ्या साठवाव्या लागत, म्हणून प्रकार वेगळे ठेवावे लागले. तिथे रसेल यांचा संबंध नव्हता.

दुसरी वाट तर्कशास्त्राची. रसेल यांची पायऱ्यांची रचना फार किचकट होती. ती पुढच्या अभ्यासकांनी सोपी केली. १९४० मध्ये प्रिन्स्टनच्या अलोन्झो चर्च यांनी तिला फंक्शनच्या भाषेत बसवले. १९७८ मध्ये एडिंबरा येथील रॉबिन मिल्नर यांनी दाखवले की, प्रोग्रॅमरने प्रकार लिहिला नाही, तरी यंत्राला तो कोड वाचून ओळखता येतो. इथे दोन्ही वाटा एक झाल्या.

पायथन १९९१ मध्ये आली, ती मोकळेपणा घेऊन. प्रोग्रॅम छोटे होते तोवर तो सुखाचा होता. कोड लाखो ओळींचा झाला आणि लिहिणारे शेकडो झाले, तेव्हा कुठे काय जाते याचा पत्ता लागेना. फिनलंडचे युक्का लेहतोसालो यांनी पीएचडीच्या कामातून 'मायपाय' हे तपासणीचे साधन तयार केले. ते ज्या विद्यापीठात शिकत होते, ते रसेल यांचेच केंब्रिज. पायथनचे जनक खिदो फान रोसम यांनी त्यांच्यासोबत टाइप हिंटचा प्रस्ताव मांडला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या पायथन ३.५ मध्ये तो अधिकृत झाला. पुढे ड्रॉपबॉक्स कंपनीने आपल्या पायथन कोडच्या ४० लाख ओळी अशा तपासल्या. जावास्क्रिप्टबाबत हेच काम मायक्रोसॉफ्टच्या टाइपस्क्रिप्टने २०१२ पासून केले होते.

टाइप हिंट आणि ऑटोकम्प्लिट यांचा संबंध काय?

एडिटर कोड चालवत नाही, फक्त वाचतो. मूल्य मात्र कोड चालल्यावरच जन्माला येते. म्हणून फंक्शनच्या कंसात नुसते 'वजन' असे नाव दिसले, तर त्यात काय येणार हे एडिटरला कळत नाही. पुढे टिंब दिले, तरी यादी येत नाही किंवा अंदाजाची येते.

त्याच नावापुढे कोलन देऊन 'फ्लोट' असे लिहिले, की चित्र बदलते. इथे संख्या येणार, हे एडिटरला वाचूनच समजते. 'एसटीआर' म्हणजे मजकूर असे लिहिले, तर टिंबानंतर अक्षरे मोठी करणे, तुकडे पाडणे, रिकाम्या जागा काढणे हे पर्याय येतात. 'लिस्ट' लिहिले, तर नवी नोंद जोडणे, क्रम लावणे हे येतात. पहिल्या पायरीच्या गोष्टीला दुसऱ्या पायरीचे प्रश्न विचारायचे नाहीत, हा रसेल यांचा नियमच इथे यादीच्या रूपात दिसतो.

उसाच्या बिलाचे फंक्शन असे लिहिले असते आणि एडिटरमधील टाइप तपासणी चालू असती, तर मजकूर वजनाच्या जागी टाकताच लाल रेघ आली असती. प्रोग्रॅम एकदाही न चालवता.

या हिंटवर किती विसंबायचे?

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, पायथन स्वतः हिंट पाळायला लावत नाही. रेघेकडे दुर्लक्ष करून प्रोग्रॅम चालवला, तर तो पूर्वीसारखाच चालेल आणि सहा हजार अंक छापेल. रसेल यांच्या गणितात नियम सक्तीचा होता, इथे तो ऐच्छिक आहे.

दुसरी, चुकीची हिंट नसलेल्या हिंटपेक्षा वाईट. एडिटर लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो आणि चुकीची यादी आत्मविश्वासाने समोर ठेवतो. कोड बदलला की हिंटही बदलावी लागते. शिकताना एकदम सगळीकडे हिंट देण्याऐवजी फंक्शनला काय मिळते आणि ते काय परत देते, एवढ्यापासून सुरुवात करावी.

तिसरी सर्वात महत्त्वाची. टाइप निरर्थक गोष्टी अडवतो, खोट्या नाही. काट्यावर १२ टनांऐवजी २१ टन नोंदले गेले, तर प्रकार बरोबर आहे आणि बिल चूक. तिथे लाल रेघ येणार नाही. रसेल यांच्या वाट्यालाही असेच आले. त्यांच्या पायऱ्यांनी विसंगती बाहेर ठेवली, पण सगळे गणित एका चौकटीत सिद्ध होईल ही आशा १९३१ मध्ये कुर्ट ग्योडेल यांनी मोडून काढली. त्या चौकटीतून हरवलेली खात्री परत मिळाली नाही. निरर्थक प्रश्न वेळीच ओळखण्याची रीत मात्र टिकली. वजन खरे आहे का, हे मात्र अजूनही काट्याजवळ उभ्या माणसालाच पाहावे लागते.